स्वयंपाकघराची फरशी: देखणी हवी, घसरडी नको!

नवं घर घेतलं किंवा जुन्या घराची डागडुजी काढली की दिवाणखान्याच्या फरशीसाठी चार दुकानं पालथी घातली जातात. स्वयंपाकघराची पाळी आली की मात्र ‘तीच टाइल तिथेही बसवू या’ म्हणून विषय संपतो. खरं तर घरात सर्वांत जास्त सोसते ती याच खोलीची फरशी. फोडणीचं तेल उडतं, हळद सांडते, ताक लवंडतं, खलबत्ता हातातून सुटतो. आणि याच फरशीवरून गृहिणी उकळत्या आमटीचं पातेलं घेऊन चालते. म्हणून इथे चकाकीच्या आधी एकच गोष्ट पाहावी: ओला पाय या फरशीवर ठरतो का?

दगडाची फरशी

आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांत कर्नाटकातली शहाबादी फरशी असे. स्वस्त, दणकट आणि पायाला थंड. राजस्थानातला कोटा दगडही तसाच. त्याच्या हिरवट-करड्या रंगात बारीकसारीक डाग लपून जातात. मात्र त्याला आरशासारखं पॉलिश करून घेऊ नका, नाहीतर पाण्याचे चार थेंबही पाय घसरवायला पुरतात.

संगमरवराचा मोह स्वयंपाकघरात तरी आवरलेला बरा. तो मुळात चुनखडीचाच प्रकार. लिंबू, चिंच, कोकम, दही यांतल्या आम्लाने त्याची चकाकी जाते आणि तिथे पांढुरका चट्टा उरतो. हळद तर त्यात मुरतेच. ग्रॅनाइट संगमरवरापेक्षा बराच कठीण असतो, आम्लालाही सहसा दाद देत नाही. पण जमिनीवर तोही गुळगुळीत नको, खरबरीत केलेला घ्या.

टाइल्स घेताना

भिंतीची टाइल जमिनीला कधीही लावू नये. ती सच्छिद्र आणि नाजूक असते, जड भांडं पडताच तडकते. व्हिट्रिफाइड टाइल फारच कमी पाणी शोषते, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे तेल-हळद तिच्यात सहसा मुरत नाही. दुकानदाराला ‘अँटिस्किड’ किंवा मॅट टाइल दाखवायला सांगा. तिच्या माहितीपत्रकात ‘आर’ अक्षरापुढे ९ ते १३ यांपैकी आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. घरच्या स्वयंपाकघराला १० पुरेसा होतो. त्याहून खडबडीत टाइलच्या खाचांत तेलकट मळ बसतो आणि पुसता पुसता कंबर मोडते.

पांढरीशुभ्र आणि काळीकुळकुळीत या दोन्ही रंगांवर कण न् कण दिसतो. करडा, बदामी, मातकट अशा रंगांत किंचित नक्षी असलेली टाइल देखणीही दिसते आणि सांभाळूनही घेते. हौस असेल तर ओट्यावरच्या भिंतीला रंगीत टाइल्स लावून ती पुरवता येते.

घरीच करा परीक्षा

पसंत पडलेल्या टाइलचा किंवा दगडाचा एक नमुना घरी आणा. त्यावर तेलात कालवलेली हळद आणि लिंबाचा रस वेगवेगळ्या जागी लावून रात्रभर ठेवा. सकाळी साबणाने धुऊन डाग पाहा. मग नमुना ओला करा आणि कुणाचा तरी हात धरून त्यावर अनवाणी पाय घासून बघा. घरात सासूबाई-सासरे असतील तर त्यांनाही विचारा. म्हातारपणी एका घसरण्याने माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

बसवताना लक्ष ठेवा

* टाइल्सच्या सांध्यांत साध्या पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरून घ्या. ते महाग पडतं, पण हळदीने पिवळं आणि तेलाने काळं सहसा होत नाही.
* व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नसल्याने नुसत्या सिमेंटला नीट चिकटत नाही. ती टाइल-ॲडहेसिव्हनेच बसवा.
* काम वाळल्यावर लाकडी दांडक्याने हलकेच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती टाइल काढून पुन्हा बसवायला सांगा.
* जुन्या फरशीवरच नवी बसवत असाल तर उंची वाढते. दार अडकणार नाही आणि पाणी बाहेरच्या खोलीत वाहणार नाही, हे आधी तपासा.
* त्याच खोक्यांतल्या पाच-सहा टाइल्स जपून ठेवा. पुढे तीच छटा मिळेलच असं नाही.

निगा राखताना दगडाच्या फरशीवर ॲसिड ओतू नका. फरशी आणि सांधे दोन्ही खराब होतात. तेल सांडलं तर आधी त्यावर पीठ भुरभुरवून टिपून घ्या, मग साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. आणि फरशी कितीही चांगली असली तरी ओट्याखाली सांडलेलं पाणी ‘नंतर पुसू’ म्हणून तसंच ठेवू नका. ज्याच्या नजरेला पडेल त्याने, मग तो घरातला पुरुष का असेना, तेव्हाच फडकं फिरवावं!