भास्कर कोणता?

नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्या घराण्यांतून फार जुनी आहे. तीत पितरांविषयीचा आदर आहे आणि घरातील वडील माणसांचे समाधानही आहे. परंतु तीन-चार पिढ्या लोटल्या, की जुन्या दप्तरातील कागदावर सही करणारे 'भास्कर' म्हणजे पणजोबा की त्यांचे नातू, हे सांगणारे घरात कोणी उरत नाही. वंशावळ लिहिण्यास बसलेल्या प्रत्येक गृहस्थास ही अडचण ठाऊक असेल. एका घरात जर हा प्रकार, तर दीड हजार वर्षांच्या विद्येच्या इतिहासात काय होत असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. भास्कर हेच नाव धारण करणारे जे नामांकित पुरुष निरनिराळ्या क्षेत्रांत होऊन गेले, त्यांतील काहींची ओळख येथे करून द्यावी आणि त्यांपैकी एकाचे श्रेय नामसाम्यामुळे कसे झाकले गेले ते दाखवावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. 'भास्' म्हणजे प्रभा, ती करणारा तो भास्कर, अर्थात सूर्य. दिवाकर, निशाकर, प्रभाकर हे शब्द ज्या सूत्राने सिद्ध होतात, त्याच सूत्रात पाणिनीने 'भास्' हा शब्दही घातला आहे. तेव्हा प्रभाकर आणि भास्कर यांच्या अर्थात काडीचा भेद नाही. असे तेजस्वी आणि उच्चारण्यास सोपे नाव पाळण्यात वारंवार यावे यात नवल नाही. आम्ही शिकवीत असता एकाच वर्गात तीन भास्कर होते. हजेरी घेताना आडनाव उच्चारल्यावाचून सुटका नसे, आणि मुलांनी तर आपल्यापुरती मोठा भास्कर, धाकटा भास्कर आणि घाटावरचा भास्कर अशी व्यवस्था केव्हाच लावून टाकली होती.

भास्कर म्हटले की सुशिक्षित मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते, ती 'लीलावती'कार भास्कराचार्यांची. आपला जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला आणि छत्तिसाव्या वर्षी आपण 'सिद्धांतशिरोमणि' रचला, हे त्यांनी स्वतःच गोलाध्यायात सांगून ठेवले आहे. आपल्या ग्रंथकारांत इतकी दक्षता विरळा! खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण म्हणून गाव आहे. तेथील भवानीच्या देवळातील शिलालेख डॉक्टर भाऊ दाजींनी उजेडात आणला आणि भास्कराचार्यांचे सारे घराणेच आपल्यापुढे उभे राहिले. शांडिल्य गोत्रातील कविचक्रवर्ती त्रिविक्रम. त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्यास भोजराजाने 'विद्यापति' ही पदवी दिली. त्याचा पुत्र गोविंद, पुढे प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचे पुत्र आपले भास्कराचार्य. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, आचार्यांच्या वडिलांपासून मागे मोजीत गेले तर पाचवा पुरुष पुन्हा भास्करच! मध्यंतरी प्रभाकर आहे, तोही अर्थाने सूर्यच. म्हणजे ज्या भास्कराच्या तेजापुढे बाकीचे भास्कर दिसेनासे झाले, त्याच्या स्वतःच्या घरातही एक भास्कर आधी होऊन गेला होता, आणि तोही राजमान्य विद्वान. पण भोजराजाच्या त्या विद्यापतीची आज कोणास आठवण आहे?

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या भास्कराकडे वळू. हा लीलावतीकाराच्या सुमारे पाचशे वर्षे आधीचा. शके ५५१, म्हणजे इ. स. ६२९ मध्ये त्याने आर्यभटीयावर भाष्य लिहिले. गणित आणि ज्योतिष या विषयांवरील उपलब्ध संस्कृत गद्यात हे भाष्य अत्यंत प्राचीन गणले जाते. आर्यभटाने सारे शास्त्र शंभरसव्वाशे श्लोकांत कोंबले होते. त्यातील एकेक पद सोडवून, उदाहरणे घालून, ती करून दाखवून विद्यार्थ्याच्या गळी उतरविण्याचे काम या भास्कराने केले. शिक्षकाचा पेशा केलेल्या आम्हांस त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटते, ती याच कारणाने. सूत्र रचणाऱ्याची कीर्ती होते. ते समजावून देणाऱ्याचे नाव बहुधा मागे पडते. त्याने 'महाभास्करीय' आणि 'लघुभास्करीय' असे दोन स्वतंत्र ग्रंथही लिहिले. त्यांचे अध्ययन मुख्यतः केरळात चालले. शंकरनारायण नावाच्या ज्योतिष्याने इ. स. ८६९ मध्ये तेथेच लघुभास्करीयावर टीका लिहिली. पोथ्या दक्षिणेस राहिल्या आणि आपल्याकडे 'सिद्धांतशिरोमणि' घरोघर झाला. त्यामुळे महाराष्ट्रात या जुन्या भास्कराचे नाव घेण्यास कोणी उरले नाही.

महाभास्करीयातील एक नियम मात्र असा आहे की, तो ज्याने शोधला त्यास विसरणे आम्हांस तरी शक्य वाटत नाही. कोनाची ज्या काढावयाची झाली तर सामान्यतः ज्यांचे कोष्टक लागते. भास्कराने कोष्टकावाचून ती काढण्याची रीत दिली. आजच्या भाषेत ती अशी: कोनाचे अंश १८० मधून वजा करावेत, बाकीस त्याच अंशांनी गुणावे. हा गुणाकार चौपट करून वर मांडावा. तोच गुणाकार ४०,५०० मधून वजा करून खाली मांडावा. भागाकार म्हणजे त्या कोनाची ज्या, त्रिज्या एक धरून. घरातील मुलांनी हे अवश्य करून पाहावे. कोन ३० अंशांचा घ्या. १८० मधून ३० गेले, राहिले १५०. १५० गुणिले ३० म्हणजे ४,५००. त्याची चौपट १८,०००. खाली ४०,५०० उणे ४,५००, म्हणजे ३६,०००. भागाकार बरोबर अर्धा, आणि ३० अंशांची ज्या अर्धीच असते. ९० अंश घेतले तर वर ३२,४०० आणि खालीही ३२,४००, उत्तर एक. येथेही यत्किंचित चूक नाही. ४५ अंशांस मात्र उत्तर ०.७०५९ येते, खरी ज्या ०.७०७१ आहे, म्हणजे अंतर पडले ते हजारात एकाच्या आसपास. कोष्टक नाही, यंत्र नाही, केवळ गुणाकार, वजाबाकी आणि एक भागाकार! सातव्या शतकातील मनुष्याने ही रीत कोणत्या विचाराने काढली असेल, या विषयावर आजचे गणिती अद्याप लेख लिहीत असतात.

आता गंमत पाहा. हीच रीत, कोनाऐवजी वर्तुळाच्या चापाच्या भाषेत, 'लीलावती'तही आहे. परिघाच्या जागी ३६० अंश घालून पाहिले तर तेच सूत्र अक्षरशः निघते. लीलावती सर्वांच्या हातची, महाभास्करीय कोणी पाहिलेले नाही, आणि दोन्हींचे कर्ते भास्कराचार्य. मग रीत 'भास्कराचार्यांची' असे ऐकताच ऐकणारा ती पाटणच्या आचार्यांच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. येथे लीलावतीकारांनी काही लपविले असा आरोप करणे मात्र सर्वथा अन्यायाचे होईल. ब्रह्मगुप्ताच्या 'ब्रह्मस्फुटसिद्धांता'तही, म्हणजे इ. स. ६२८ मध्येच, ही रीत आलेली आहे, आणि ब्रह्मगुप्ताचे ऋण लीलावतीकार उघडपणे मानतात. दोष कोणा ग्रंथकाराचा नव्हे, आपल्या ऐकण्याचा आहे.

हे दोन भास्कर भिन्न आहेत ही गोष्ट सविस्तर मांडण्याचे श्रेय बंगालचे गणितेतिहासकार विभूतिभूषण दत्त यांस आहे. त्यांनी १९३० साली 'दोन भास्कर' याच विषयावर निबंध लिहिला. पुढे लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी महाभास्करीय १९६० मध्ये, लघुभास्करीय १९६३ मध्ये आणि आर्यभटीयावरील भाष्य १९७६ मध्ये शोधून छापून काढले. म्हणजे इ. स. ६२९ चे भाष्य व्यवस्थित छापून हाती येण्यास साडेतेराशे वर्षे लागली!

हा घोटाळा या दोघांतच का व्हावा, याचे कारण आम्हांस त्यांच्या नावाच्या शेपटात दिसते. दोघांनाही लोक 'भास्कराचार्य' म्हणतात. आणि तेवढ्यावर थांबत नाही. ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिणारा तिसराही एक भास्कराचार्य आहे. हा शंकराचार्यांनंतरचा. जग मिथ्या हे त्याला मान्य नाही. जीव आणि ब्रह्म यांत भेदही आहे आणि अभेदही आहे, असे तो प्रतिपादितो, आणि मायावादावर त्याची टीका चांगलीच धारदार आहे. वेदांत शिकणारा विद्यार्थी 'भास्करमत' हे शब्द वाचतो आणि गणितज्ञ भास्कराचार्य वेदांतातही पारंगत होते, असे समजून धन्य होतो. त्यात भर म्हणून भेदाभेदाच्याच वाटेने जाणारे निंबार्काचार्य आहेत. अर्क म्हणजेही सूर्यच!

ज्यांच्या नावापुढे वेगळी खूण लागली, ते सुटले. मीमांसेचा अभ्यास ज्या छोटेखानी 'अर्थसंग्रहा'ने आरंभितात, त्याचा कर्ता लौगाक्षि भास्कर. 'लौगाक्षि' या एका शब्दाने त्यास तारले. 'ललितासहस्रनामा'वरील 'सौभाग्यभास्कर' ही टीका लिहिणारे भास्करराय अठराव्या शतकातले, मूळ महाराष्ट्रीय घराण्यातील, आणि उत्तर आयुष्यात कावेरीकाठी स्थायिक झालेले. त्यांच्या नावाचे भास्करराजपुरम् हे गाव तेथे आहे. त्यांनी तर आपले नाव टीकेच्याच नावात गुंफून ठेवले. युक्ती नामी खरी! आमच्या मराठीत महानुभाव पंथाचा भास्करभट्ट बोरीकर झाला. 'शिशुपालवध' आणि 'उद्धवगीता' हे साती ग्रंथांतील दोन ग्रंथ त्याचे. शिशुपालवधातील शृंगार निवृत्तिमार्गी गुरुबंधूस रुचला नाही म्हणून त्याने उद्धवगीता लिहिली, असे पंथात सांगतात. वाचणाऱ्यास मात्र पहिल्याच ग्रंथात त्याचा हात अधिक मोकळा चाललेला दिसेल, असे आमचे मत आहे. या पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत असल्याने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेर हे काव्य कोणास वाचताच येत नव्हते. येथे लपविले ते लिपीने, नामसाम्याने नव्हे.

विद्येच्या प्रांतातून बाहेर पडले म्हणजे हेच नाव तलवारीवर दिसते. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे कारभारी भास्कर राम कोल्हटकर यांनी १७४२ साली बंगालवर स्वारी केली. बंगालीत त्यांस 'भास्कर पंडित' म्हणतात. भागीरथीच्या काठी काटवा हे त्यांचे ठाणे होते. जवळच दाईंहाट येथे त्यांनी दुर्गापूजा मांडली असता नवाब अलिवर्दीखानाने रात्री नदी उतरून छापा घातला आणि पूजा तशीच टाकून मराठ्यांस निघावे लागले. पुढे ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे तहाच्या बोलण्यास बोलावून नवाबाने त्यांस सरदारांसह तंबूत ठार मारविले. हे कृत्य विश्वासघाताचे, यात शंका नाही. परंतु गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्रपुराण' या बंगाली काव्यात बारगिरांनी गावोगावी केलेल्या जुलमाचे जे वर्णन केले आहे, ते मराठी वाचकाने मान खाली घालूनच वाचावे असे आहे. 'बर्गी' येतील म्हणून तिकडच्या आया मुलांस कित्येक पिढ्या भिववीत आल्या. एकाच नावाने आपल्याकडे लीलावतीचे स्मरण व्हावे आणि गंगेकाठी जळलेल्या गावांचे, ही गोष्ट मनास लागते.

अलीकडच्या काळात गायनात भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) झाले. फैजमहंमदखाँ, नथ्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन घराण्यांच्या गुरूंची विद्या त्यांनी एका गळ्यात साठविली आणि बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांसारखे शिष्य तयार केले. पुण्याचे भारत गायन समाज हे त्यांचेच लावलेले झाड. आणि ग्वाल्हेरीस राहून मराठी भावगीतास नवे वळण देणारे भास्कर रामचंद्र तांबे १९४१ साली निवर्तले. एकास 'बुवा' या शब्दाने आणि दुसऱ्यास 'भा. रा.' या दोन अक्षरांनी वेगळे ठेवले आहे. त्यांच्याविषयी कोणी गफलत करीत नाही.

आचार्यांसाठी मात्र विद्वानांस शेवटी राजांची रीत उचलावी लागली. सातव्या शतकातला तो भास्कर पहिला, बाराव्यातला तो भास्कर दुसरा. वेदांती भास्करास या मोजणीत धरलेलेच नाही, कारण मोजणारे गणिती होते. हे अंक रूढ होतात न होतात तोच भारत सरकारने दोन उपग्रह आकाशात सोडले. ७ जून १९७९ रोजी एक आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी दुसरा, दोन्ही रशियाच्या भूमीवरून, समुद्र, जंगले आणि पाणी यांची पाहणी करण्यासाठी. त्यांची नावे भास्कर-१ आणि भास्कर-२. सन्मान योग्यच झाला. मात्र परीक्षेत 'भास्कर पहिला याविषयी माहिती लिहा' असा प्रश्न घालणाऱ्या परीक्षकाने, आपण सातव्या शतकाविषयी विचारीत आहो की १९७९ सालाविषयी, हे कंसात लिहिण्याची कृपा करावी.