आजच्या दिवसापुरता विश्वास

मृग कोरडा गेला आणि दुबार पेरणीचे संकट समोर दिसू लागले, की नांदेड-लातूरकडे सगळ्याच धर्मांची माणसे देवाकडे पाहतात. मंदिरांत, मशिदींत, गुरुद्वाऱ्यांत आणि चर्चमध्ये पावसासाठी मागणे होते. अडचणीत देव आठवणे ही माणसाची जुनी रीत आहे. ख्रिस्ती शिकवण मात्र एक पाऊल पुढचे मागते. पाऊस वेळेवर पडला, पगार झाला, मुलाचा निकाल चांगला लागला, अशा बिनअडचणीच्या दिवशीही देव सोबत आहे असे धरून वागायचे. याला देवाच्या सान्निध्यावर विसंबणे म्हणतात. ते कसे घडते, त्याचा आधार कोणता आणि त्यात गफलत कुठे होते, हे पाहू.

इथली मंडळी

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्यापेक्षाही थोडे कमी आहेत, आणि त्यांतले बरेचसे मुंबई-वसईच्या पट्ट्यात राहतात. मराठवाड्यातला समाज लहान आणि विखुरलेला आहे. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या मिशनकार्यातले एक मोठे नाव म्हणजे नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या शेषाद्रींनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे जालन्याला काम उभे केले आणि जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. आज मराठवाड्यात १९७० मध्ये स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट, कॅथोलिक आणि स्वतंत्र पेंटेकॉस्टल अशा वेगवेगळ्या मंडळ्या आहेत. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद कॅथोलिक धर्मप्रांतात येतात.

मंडळी लहान असली की विश्वास सवयीने टिकत नाही. चर्च दूर असते, पाळकांकडे अनेक गावे असतात, गल्लीत आपलेच एक घर ख्रिस्ती असते. रविवारची उपासना चुकली, तर आठवडाभर कुणी देवाचे नाव काढेलच असे नाही. म्हणून घरातली रोजची प्रार्थना इथे वाढीव पुण्याची गोष्ट राहत नाही. विश्वासाचा मुख्य आधारच ती होते.

मानणे आणि विसंबणे

देव सर्वत्र आहे, हे मानायला काही कष्ट पडत नाहीत. स्तोत्रसंहितेतले १३९वे स्तोत्र तेच सांगते: आकाशात जा, अधोलोकात जा, समुद्रापलीकडे जा, देवापासून दूर असे ठिकाण सापडत नाही. विसंबण्याची गोष्ट त्यानंतर सुरू होते. आपले निर्णय, आपले बोलणे, आपला पैसा आणि आपली भीती या चार गोष्टी त्याच्यापुढे उघड्या ठेवून वागणे म्हणजे विसंबणे. बाजार समितीतल्या काट्यापाशी, दवाखान्यातल्या रात्रपाळीत, भावकीच्या भांडणात तो हजर आहे असे धरले, तर वागणे बदलावे लागते. ते बदलत नसेल, तर आपण फक्त मानतो आहोत.

ही सोबत ख्रिस्ती विश्वासात पवित्र आत्म्याच्या रूपाने येते. योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो, की मी तुम्हांला पोरके सोडणार नाही. लगेच पुढच्या अध्यायात द्राक्षवेल आणि फांद्यांचा दाखला येतो. फांदी वेलीशी जोडलेली राहते, म्हणून तिला फळ येते.

शास्त्रातले तीन धडे

पहिला धडा मान्न्याचा. निर्गमाच्या १६व्या अध्यायात अरण्यातल्या इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळतो, पण त्या दिवसापुरताच. ज्यांनी उद्यासाठी साठवला, त्यांच्या साठ्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आजच्या भाकरीचे मागणे आहे, वर्षाच्या धान्याचे नाही. विश्वासही असाच रोजच्या रोज घ्यावा लागतो. गेल्या वर्षीच्या संजीवन सभेतला उत्साह आजच्या चिंतेला पुरत नाही.

दुसरा धडा नहेम्याचा. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी ऐकून त्याचा चेहरा उतरला होता. राजाने विचारले, तुला काय हवे? राजाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर यांच्यामध्ये नहेम्याने देवाची प्रार्थना केली, असे शास्त्र नोंदवते. गुडघे टेकायला वेळ नव्हता, डोळे मिटायची सोय नव्हती. साहेबापुढे उभे असताना, फोन उचलण्याआधी, मुलावर ओरडण्याआधी मनातल्या मनात करायची प्रार्थना ती हीच. मात्र नहेम्याने त्याआधी पुष्कळ दिवस उपास आणि प्रार्थना केली होती, हेही त्याच पुस्तकात आहे. लांब प्रार्थनेची सवय असली, तरच वेळेवर छोटी प्रार्थना सुचते.

तिसरा धडा अम्माऊसच्या वाटेचा, लूकच्या २४व्या अध्यायातला. दोन शिष्य खिन्न मनाने गावाकडे निघाले होते. उठलेला प्रभू त्यांच्याबरोबर चालत होता, बोलत होता, तरी त्यांना ओळख पटली नाही. घरी जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. सान्निध्य असणे वेगळे आणि जाणवणे वेगळे. जाणवले नाही म्हणून ते नव्हते, असे होत नाही.

भांड्यांमधला देव

रोजच्या कामात देवाची सोबत धरण्याची शिस्त जगभर पोचवली ती ब्रदर लॉरेन्स या फ्रेंच कार्मेलाइट बंधूने. तरुणपणी तो सैनिक होता. पुढे पॅरिसच्या मठात दाखल झाला आणि अनेक वर्षे तिथल्या स्वयंपाकघरात राबला. १६९१ मध्ये तो वारला. त्यानंतर त्याची पत्रे आणि संभाषणे छापली गेली. मठातल्या ठरलेल्या प्रार्थनेइतकाच भांड्यांच्या गडबडीतही देव जवळ असतो, हे त्याचे सांगणे.

मराठवाड्याच्या माणसाला हे परके वाटू नये. गोदाकाठच्या गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडणात विठ्ठलाला सोबतीला घेतले होते. नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते, ते उगाच नाही. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला मराठी भजन-कीर्तनाचा सूर दिला. ‘उपासना संगीत’मधली त्यांची पदे आजही मंडळ्यांतून गायली जातात. दोन्ही परंपरांत फरक अर्थातच आहे. ख्रिस्ती माणूस ही सोबत वधस्तंभावर मेलेल्या आणि पुन्हा उठलेल्या येशूमुळे मिळाली असे मानतो. पण काम बाजूला ठेवून देव शोधायचा नाही, हातातल्या कामातच त्याला धरायचे, हे शहाणपण दोन्हींकडे आहे.

विसंबून केलेले काम

देवावर विसंबणे आणि हातपाय हलवणे यांत विरोध आहे, अशी एक समजूत आढळते. पंडिता रमाबाईंचे आयुष्य तिला उत्तर आहे. दुष्काळाने त्यांच्या तरुणपणीच त्यांचे आईवडील हिरावून नेले होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले. तिथे प्रार्थना तासन्‌तास चाले. त्याच आवारात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छपाई शिकवली गेली. रमाबाईंनी स्वतः मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम सोडले नाही.

अलीकडचे उदाहरण मराठवाड्याच्या वेशीवरचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुतेक अल्पशिक्षित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून उभे केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देव दुबळ्यांसोबत आहे असे मानणाऱ्याला दुबळ्यांकडे जावे लागते, हा त्या कामाचा अर्थ.

जेव्हा काहीच जाणवत नाही

या विषयावरचा सर्वांत कठीण प्रश्न लातूरने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. त्या पहाटे देव कुठे होता?

सोपे उत्तर देणाऱ्याने बायबल नीट वाचलेले नसते. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, त्याला आशेची शेवटची ओळ नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ठीक होते. कारणे सांगू लागले तेव्हा चुकले, आणि देवानेच शेवटी त्यांना दोष दिला. वधस्तंभावर खुद्द येशूने देवाने आपल्याला का सोडले असा आक्रोश केला. म्हणजे सान्निध्य जाणवत नाही अशी तक्रारही शास्त्रात प्रार्थनेतच मोडते. तक्रार करणारा अजून देवाशीच बोलत असतो.

हबक्कूक संदेष्टा शेतकऱ्याला कळेल असे बोलतो. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा निर्धार आहे. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. असे दिवस पाहिलेल्या माणसाला हबक्कूकचा ‘तरी’ हा शब्द किती जड आहे ते सांगावे लागत नाही. तो निर्धार ऐन संकटात जमत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, तसे हे आहे. बऱ्या दिवसांत लावलेली प्रार्थनेची सवय वाईट दिवसांत कामी येते.

काय नव्हे

विसंबणे म्हणजे औषध सोडणे नव्हे. मधुमेहाची गोळी घ्यावी आणि प्रार्थनाही करावी. गोळी बंद करायला सांगणारी ‘साक्ष’ ऐकू नये. येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सैतानाने सांगितले, तेही शास्त्रवचन दाखवूनच. देवाची परीक्षा पाहू नये, असे येशूचे उत्तर होते.

विसंबणे म्हणजे सौदाही नव्हे. लातूर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांचे गाव आहे. कोवळ्या मुलांवर तिथे मोठा भार असतो. ‘प्रार्थना कर, नंबर लागेलच’ असे सांगणारा देवाच्या नावाने हमी देतो, आणि ती द्यायचा अधिकार त्याला नाही. निकाल काहीही लागला तरी तू देवाचा आहेस आणि आमचाही आहेस, एवढेच खरे वचन त्या मुलाला देता येते.

विसंबणे म्हणजे सतत गोड वाटणेही नव्हे. झाडाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी झोपू दिले आणि जेवू घातले. थकवा हा अविश्वास नसतो.

एकट्याने जमत नाही

कुटुंब-प्रार्थना, आठवड्यातली घरसभा, महिला मंडळाचा उपास-प्रार्थनेचा दिवस, कॅथोलिक घरातली रोजरीची माळ आणि रविवारची मिस्सा, या सगळ्यांचा हेतू एकच आहे. एकाचा विश्वास मंदावला, की दुसऱ्याचा त्याला सावरतो. याकोब आपल्या पत्रात बजावतो, की उघड्या-उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावू नये. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची पेरणी वाया गेली, हे मंडळीला ठाऊक हवे, आणि डबा किंवा पैसे घेऊन कुणीतरी तिथे पोचायला हवे. अनेकांना देवाचे सान्निध्य पहिल्यांदा जाणवते ते दारात आलेल्या अशा माणसामुळे.

सुरुवात कुठून करावी

सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी एखादे स्तोत्र वाचावे. दिवसाच्या तीन ठरलेल्या खुणा निवडाव्यात. बस सुटताना, जेवणाआधी, दुकानाचे शटर ओढताना एका वाक्यात देवाशी बोलावे. रात्री दिवस मागे वळून पाहावा: कुठे उपकार मानायचे राहिले, कुणाची क्षमा मागायची आहे. आठवड्यातून एकदा कुणा एका विश्वासू माणसाला आपली खरी अवस्था सांगावी. एखादा दिवस चुकला, तर त्याची भरपाई करत बसू नये. दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू करावे.

हे जमते आहे की नाही, हे घरच्यांना विचारावे. सासू-सुनेच्या बोलण्यातली धार कमी झाली का, मजुराची मजुरी वेळेवर जाते का, वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याच्या अडीअडचणीला आपण धावतो का, याची उत्तरे तेच देऊ शकतात. आपल्याला किती जाणवले यापेक्षा त्यांना काय दिसले, हा पुरावा जास्त भरवशाचा असतो.