आभाळ सोनिवलीचे, पाणी कर्जतचे

१९७८ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बॉस्टन शहरावर जे हिमवादळ कोसळले, त्यात शहराबाहेरच्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावर ३,०००हून अधिक मोटारी जागच्या जागी रुतल्या, आणि कचेरीतून घरी निघालेली माणसे घराच्या वाटेवरच अडकून पडली. बदलापूरच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या सान्निध्यात वसलेल्या सोनिवलीच्या रहिवाशाला बर्फाचा हा प्रकार कितीही अपरिचित असला, तरी त्यातील अगतिकता मात्र मुळीच अपरिचित नाही. आपल्याकडे हे संकट पौषात न येता आषाढात येते, शुभ्र न येता गढूळ येते. परंतु बंद पडलेली लोकल, तुटलेला वीजपुरवठा, न आलेले दूध आणि मुंबईच्या कचेरीत रात्र काढणारा घरचा कर्ता माणूस, हा सगळा सरंजाम तोच असतो. भेद एकच, आणि तो महत्त्वाचा आहे. बर्फ ज्याच्या अंगणात साचतो त्याच्याच डोक्यावर तो पडलेला असतो. सोनिवलीच्या अंगणात येणारे पाणी बहुतांशी दुसरीकडे पडलेले असते.

उल्हासचा उगम लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरात, राजमाचीच्या बाजूच्या डोंगरदऱ्यांत होतो. घाटमाथ्यावरून ती कोकणपट्टीत उतरते, कर्जत, नेरळ, शेलू, वांगणी असा उत्तरेकडचा मार्ग धरते, वाटेत पेज, पोशीर यांसारख्या नद्यांना पोटात घेते, माथेरानच्या पूर्व उतारावरचे ओढेनाले तिला येऊन मिळतात, आणि मग ती बदलापुरात शिरते. पुढे कल्याणपाशी तिची खाडी होते आणि वसईजवळ ती समुद्राला मिळते. कर्जतपासून बदलापूरचे अंतर रेल्वेने अवघे ३२ किलोमीटर. सह्याद्रीच्या भिंतीला अडून कोसळलेला पाऊस एवढ्या थोडक्या वाटेत, तीव्र उतारावरून खाली येतो, तेव्हा त्याला फार दिवस लागत नाहीत. कित्येकदा एक रात्र पुरते. कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या काठच्या माणसाला पुराची चाहूल लागायला जो अवधी मिळतो, तो उल्हासच्या काठच्या माणसाला मिळत नाही.

आणि पाणी तरी किती? १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे १ कोटी घनमीटर, म्हणजे १,००० कोटी लिटर पाणी होते. मुसळधार दिवसांत घाटमाथ्यावर १०० मिलिमीटर हा आकडा कोणाला विशेष वाटत नाही. हवामान खात्याच्या परिभाषेतही ‘अतिवृष्टी’चा टोकाचा प्रकार २०४.५ मिलिमीटरपासून पुढे सुरू होतो. हे पाणी थोपवून धरील असे मोठे धरण बदलापूरच्या वरच्या अंगाला उल्हासच्या मुख्य पात्रावर नाही. बदलापूरचे बॅरेज आहे, पण ते पिण्याचे पाणी उचलण्यासाठी बांधलेले. महापुराला ते काय अडवणार?

या ठिकाणी एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे भाग आहे. नदीला पाणी चढू लागले की बदलापुरात, दुकानाच्या फळीवर, रिक्षाच्या रांगेत आणि हल्ली मोबाइलच्या पडद्यावर, एकच वार्ता पसरते: ‘बारवीचे पाणी सोडले.’ बारवी हे औद्योगिक विकास महामंडळाचे धरण बदलापूरच्या नजीक आहे, त्याला स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि ते भरले की दरवाज्यांतून पाणी वाहते, हे सर्व खरे. परंतु बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर ओलांडल्यावर, खालच्या अंगाला. त्या पाण्याने आपटी-रायत्याकडील गावांनी सावध व्हावे हे रास्त. बदलापूरच्या पुराची कैफियत मात्र बारवीच्या दप्तरात न शोधता कर्जतच्या पावसात शोधली पाहिजे. चुकीच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याचा उपयोग तो काय? २००५च्या जुलैत महापुरानंतर मुंबईत जुहूच्या नेहरूनगरात पाण्याचा लोंढा येत असल्याची निराधार आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसे दगावली. पुराइतकीच पुराची अफवाही घातक असते.

२६ जुलै २००५ या तारखेचे स्मरण महाराष्ट्राला करून द्यावे लागत नाही. त्या दिवसाच्या पावसाची नोंद पाहण्याजोगी आहे: २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एकाच शहराची दोन टोके, आणि एकीकडे जलप्रलय तर दुसरीकडे पावसाळ्यातला नेहमीचा ओला दिवस! आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर भिस्त ठेवणे किती व्यर्थ आहे, हे याहून स्पष्ट कोण सांगेल? त्या दिवशी उल्हासही कोपली. बदलापुरात नदीकाठच्या वस्त्यांचे तळमजले बुडाले, कल्याण-कर्जत लोहमार्गाची मोठी हानी झाली, आणि राज्यात मृतांची संख्या हजाराच्या वर गेली. त्या वेळी मुंबईत ढगांचा वेध घेणारे डॉप्लर रडार नव्हते, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अस्तित्वातच नव्हते. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा त्याच वर्षाच्या अखेरीस झाला आणि दल २००६मध्ये उभे राहिले.

त्या महापुरानंतर चौदा वर्षांनी या दलाची कसोटी याच नदीच्या काठी लागावी, हा योगायोग विलक्षण खरा. २६ जुलै २०१९ रोजी रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर सोडून वांगणीच्या दिशेने गेली आणि चामटोलीच्या परिसरात थांबली. रुळांवर पाणी आले होते. पहाट झाली तेव्हा गाडीच्या दोन्ही अंगांना शेत दिसेना, वाट दिसेना. उल्हासचे पाणी क्षितिजापर्यंत पसरलेले, आणि त्यात सुमारे १,०५० प्रवाशांना घेऊन उभी असलेली गाडी. प्रवाशांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या, लहान मुले होती, अंबाबाईच्या दर्शनाला निघालेली म्हातारी माणसे असतील, परगावी नोकरीला जाणारे तरुण असतील. घराकडे जाणारी किंवा घरून निघालेली अशी सर्वसाधारण मराठी माणसांची ती गाडी होती.

रेल्वेने त्यांना जी सूचना दिली ती वरकरणी अगदी निष्क्रिय वाटावी अशी होती: खाली उतरू नका, डब्यातच राहा, मदत येत आहे. माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती अशा वेळी काहीतरी करण्याची असते. उतरून पाहावे, चालत निघावे, समोर दिसणाऱ्या झाडापर्यंत तरी पोहोचावे असे त्याला वाटते. परंतु आगगाडीचा डबा ही कित्येक टनांची, रुळांवर ठाम उभी असलेली वस्तू आहे, आणि गुडघाभर वाहते गढूळ पाणी माणसाचा पाय उचलू शकते. त्याखाली खड्डा आहे, तारेचे कुंपण आहे की नाला आहे, हे दिसत नाही. बॉस्टनच्या त्या महामार्गावरही मोटार सोडून हिमात चालत निघणे हे मोटारीत थांबण्याहून धोक्याचे होते. फरक असा, की तिथे धूर सोडण्याची नळी बर्फाने बुजली असता इंजिन चालू ठेवून बसणाऱ्यांचा विषारी वायूने घात होई. थांबायचे तर कोठे आणि कसे थांबायचे, याचेही शास्त्र असते.

२७ तारखेला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रबरी होड्या घेऊन आले, नौदलाची पथके पाणबुड्यांसह आली, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली, पोलीस, रेल्वे सुरक्षा दल आणि आसपासचे ग्रामस्थ तर होतेच. आणि दुपारपर्यंत गाडीतील झाडून सारे प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. बदलापुरात त्यांच्या खाण्यापिण्याची आणि वैद्यकीय तपासणीची तजवीज झाली, आणि कल्याणहून त्यांना कोल्हापूरला नेण्यासाठी स्वतंत्र गाडी सोडण्यात आली. एकही जीव गेला नाही. सरकारी यंत्रणेवर टीका करण्याची संधी आपण सहसा सोडत नाही, म्हणून तिचे हे यशही तितक्याच मोकळेपणाने नोंदवले पाहिजे. एवढा मोठा पाऊस पडत असताना ती गाडी नदीकाठच्या सखल मार्गावर पुढे धाडावी की नाही, हा प्रश्न त्यामुळे लोप पावत नाही, हेही खरे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, उल्हासने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली आणि बदलापूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. पुराची ‘वारंवारता’ मोजण्याची जी शासकीय पद्धत आहे, तिच्याविषयी लोकांचा जो गैरसमज होतो तो येथेच. नदीच्या काठी दोन रेषा आखल्या जातात. निळी रेषा म्हणजे सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी, असा दंडक आहे. ‘१०० वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकले की गृहस्थ निश्चिंत होतो. २००५ साली येऊन गेला, आता पणतू पाहतील, असे तो म्हणतो. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते, आणि मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून या वर्षीची शक्यता घटत नाही. ३० वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून लाल रेषेवर घर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता साधारणतः चारात एक इतकी असते. निळ्या रेषेवर तर २५ वर्षांत ती शंभरात ६४वर जाते.

बदलापुरात या रेषांवरून बराच वाद झाला आहे. जुनी घरे, मंजूर इमारती, पुनर्विकासाच्या आशेवर असलेले रहिवासी यांच्यावर रेषेने अन्याय होतो, तिची आखणी फेरतपासावी, ही मागणी अगदीच निराधार म्हणता येणार नाही; कागदावरची रेषा चुकू शकते. पण रेषा पुसल्याने पाणी पुसले जात नाही. भातखाचरे होती तेव्हा पुराचे पाणी त्यांत पसरून विसावत असे. आता तिथे भराव टाकून जोती उभी राहिली आहेत, आणि पाण्याने आपली जागा आपल्या दिवाणखान्यात शोधली तर त्याला अतिक्रमण म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो, याचा विचार घर विकणाऱ्याने नसला तरी घेणाऱ्याने अवश्य करावा.

आता घरातल्या बंदोबस्ताकडे वळू. पाणी येणार हे कळल्यावर तळमजल्यावरील माणसाने सर्वांत आधी विजेचा मुख्य खटका बंद करावा, आणि तो कोरड्या जमिनीवर उभे राहून. पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये. स्वयंपाकाच्या गॅसचा नळ बंद करून सिलिंडर बांधून ठेवावा, कारण रिकामा होत आलेला सिलिंडर पाण्यावर तरंगतो. इमारतीची लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी, म्हणजे तिचा पाळणा तळच्या खड्ड्यात बुडत नाही; या साध्या गोष्टीचे विस्मरण झाल्यामुळे सोसायट्यांना पुढे मोठा भुर्दंड पडतो. शौचकूपातून मैला उलटा वर येतो; त्यावर रेतीने भरलेली पिशवी दाबून ठेवावी. फुटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फुटांत बहुतेक वाहने वाहून जातात, म्हणून गाडी उंचावर नेण्याची वेळ पाणी रस्त्यावर येण्यापूर्वीची. बुडालेली गाडी नंतर चालू करून पाहण्याचा मोह आवरावा, नाहीतर इंजिनात पाणी खेचले जाऊन उरलीसुरली आशाही जाते. शिधापत्रिका, सातबारा, विम्याचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे आणि म्हाताऱ्यांची औषधे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती माळ्यावर न ठेवता हाताशी ठेवावी.

पाणी ओसरल्यावरचे काम पुराहून कंटाळवाणे असते. चिखल उपसण्याची घाई सर्वांना होते. परंतु भिंतीवर पाण्याने ओढलेल्या रेघेसकट छायाचित्रे घेतल्याशिवाय झाडू हाती धरू नये, कारण तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा लख्ख धुतलेल्या घरात त्याला नुकसान दाखवायचे कशाने? पायाला जखम असल्यास चिखलात उतरू नये. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, ती उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशाच पाण्यातून; पाण्यातून चालावे लागले असेल तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे. इमारतीची जमिनीखालची टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन घातल्याखेरीज तिचे पाणी पिऊ नये.

बदलापूर येथे उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर ठरलेली आहे, आणि पावसाळ्यात ही मोजणी प्रसिद्ध होत असते. या दोन आकड्यांमधला एक मीटर, एवढाच काय तो सोनिवलीकराचा अवधी. तेव्हा नदीकाठच्या वाचकांना विनंती अशी, की कर्जत-खंडाळ्याला लाल इशारा असेल आणि नदी १६.५०वर आली असेल, तर सोनिवलीत पाऊस थांबून ऊन पडले असले तरी वाहने उंचावर न्यावीत, आणि आजारी व वृद्ध माणसांना उजेड असेतो वरच्या मजल्यावर हलवावे, १७.५०ची वाट पाहू नये.