समाजकार्याच्या वर्गात आयुर्वेदाचा विद्यार्थी

आयुर्वेदाचार्य पदवीची साडेचार वर्षे व आंतरवासितेचे एक वर्ष पूर्ण करणारा विद्यार्थी पुढे काय करतो, याची ठरलेली उत्तरे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. कोणी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेस बसतो, कोणी ज्येष्ठ वैद्यांकडे अनुभव घेतो, कोणी गावी परतून दवाखाना थाटतो. या वाटांच्या जोडीला आणखी एक वाट आहे; मात्र ती फारशी मळलेली नाही. ती म्हणजे समाजकार्याच्या शिक्षणाची. एम.एस.डब्ल्यू. या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास सामान्यतः कोणत्याही विद्याशाखेचा पदवीधर पात्र असतो. वाणिज्य, विज्ञान वा अभियांत्रिकीचे पदवीधर तेथे जातात, तसा वैद्यही जाऊ शकतो. त्याने तेथे जावे काय, गेल्यास काय मिळवावे व कोणत्या अडचणींस तयार राहावे, याचा विचार व्यवसायबंधूंपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

ग्रंथांनी ठेवलेला प्रश्न

चिकित्सेचे चार पाद आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. त्यांतील रोगी या पादाचे चरकाचार्यांनी सांगितलेले गुण स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व हे होत. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात रोग्याचे गुण सांगताना प्रारंभीच 'आढ्य' हा शब्द योजला आहे. रोगी धनसंपन्न असावा, ही अपेक्षा व्यवहाराला धरूनच आहे. कारण औषध, आहार व विश्रांती या तिन्हींस द्रव्य लागते. पण जो आढ्य नाही त्याचे काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात या प्रश्नाची जाणीव स्पष्ट दिसते. संशोधनासाठी लागणारा मोठा संभार सर्वांना परवडणारा नाही, दारुण व्याधी मात्र दरिद्री माणसालाही गाठतात. अशा वेळी जे उपलब्ध होईल त्याने उपचार करावा, असा तेथील आशय आहे.

'जे उपलब्ध होईल' त्याची मर्यादा वाढवता येते काय, हा पुढचा प्रश्न. तसेच जो भ्यालेला आहे, ज्यास आपले दुखणे नीट सांगता येत नाही, त्यास गुणहीन रोगी म्हणून बाजूस ठेवायचे, की त्याचे भय घालवणे व त्यास बोलते करणे हे वैद्याचे काम मानायचे? समाजकार्याचे शिक्षण नेमके येथे उपयोगी पडते.

समाजसेवा आणि समाजकार्य

मोफत औषधवाटप, आरोग्यशिबिर, पूरग्रस्तांना मदत ही समाजसेवा झाली. ती स्तुत्य आहे, आणि आपल्यापैकी अनेक वैद्य ती वर्षानुवर्षे करीत आले आहेत. समाजकार्य ही मात्र स्वतंत्र पद्धती असलेली विद्याशाखा आहे. तिचा वैद्यकाशी संबंधही जुना आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी 1905 साली समाजकार्याचा विभाग सुरू केला. रुग्णाचे घर, काम व उत्पन्न यांचा विचार न करता दिलेला सल्ला निष्फळ ठरतो, ही त्यांची भूमिका होती. पुढे 1917 साली मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैद्यकातील 'निदान' ही संज्ञाच या शास्त्राने आपलीशी केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली; ती देशातील पहिली मानली जाते. मुंबईचे निर्मला निकेतन 1955 सालचे, तर पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था 1963 सालची. म्हणजे हे शिक्षण आपल्या दाराशी गेली कित्येक दशके उपलब्ध आहे.

वर्गात व वस्तीत

या अभ्यासक्रमात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन व सामाजिक कृती या पद्धती शिकवल्या जातात. समाजशास्त्राची व मानसशास्त्राची परिभाषा परशाखेतील विद्यार्थ्यास आरंभी परकी वाटते. वैद्यास मात्र ती फार काळ परकी राहू नये. वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीने संपूर्ण जनपद रोगग्रस्त होते, हे त्याने विमानस्थानात वाचलेले असते. सत्त्व, सात्म्य, आहारशक्ती यांची परीक्षा तो शिकलेला असतो. स्वस्थवृत्तात राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमही येऊन गेलेले असतात.

खरी कसोटी लागते ती क्षेत्रकार्यात. आठवड्यातील साधारण दोन दिवस वस्ती, रुग्णालय, शाळा वा संस्था येथे काम करायचे, त्याची तपशीलवार नोंद लिहायची, मार्गदर्शकापुढे ती मांडायची, असा हा क्रम असतो. संभाषणाच्या नोंदीत रुग्ण काय म्हणाला एवढेच नव्हे, तर आपण काय विचारले, कोठे मध्येच तोडले, तो कोठे गप्प झाला, हेही लिहावे लागते. येथे वैद्यकीचा अधिकार चालत नाही. वस्तीतील लोक औषध मागतात. पण विद्यार्थी तेथे चिकित्सक म्हणून गेलेला नसतो. नाडी पाहण्यास सरसावणारा हात आवरून ऐकत बसणे, हा वैद्यासाठी या शिक्षणातील अवघड पाठ होय.

फेलिक्स बिएस्टेक यांनी 1957 साली व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे मांडली. त्यांतील स्वीकार, दोषारोप न करणे व गोपनीयता ही वैद्यास सहज पटतात. 'स्वनिर्णय' हे तत्त्व मात्र अडते. रोगी वैद्याच्या आज्ञेत असावा असे आपले ग्रंथ सांगतात. आपला निर्णय रुग्णाने स्वतः घ्यावा असे हे शास्त्र म्हणते. हा विरोध खरा आहे व तो शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही. आमच्या मते त्याची उकल पथ्याच्या बाबतीत होऊ शकते. यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्या कामगारास अम्लपित्तासाठी रात्रिजागरण वर्ज्य सांगितले, तर तो 'होय' म्हणतो आणि पाळीला जातो. प्रमेहाच्या रुग्ण स्त्रीस यव व मुद्ग सांगितले. घरात मात्र शिधापत्रिकेवरील तांदूळ-गहू शिजतो, आणि सर्वांसाठी एकच भांडे चुलीवर चढते. तिचा होकार म्हणजे निर्देशकारित्व नव्हे. काय शक्य आहे हे तिच्याकडूनच काढून घेऊन त्यातून पथ्य बांधले, तर ते पाळले जाण्याची आशा असते. औषधाचे द्रव्य व मात्रा वैद्याने ठरवावी. जीवनक्रमातील बदल दोघांनी मिळून ठरवावा.

गोपनीयतेलाही मर्यादा आहेत. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे 2012 च्या कायद्याने बंधनकारक आहे. क्षयरुग्णाची नोंद शासनास कळवण्याचे बंधन खाजगी व्यावसायिकांवरही 2012 पासून आहे. 2018 साली सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णास दरमहा 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1000 रुपये झाली. बृंहण आहार सांगणाऱ्या वैद्याने या योजनेची वाट दाखवणे, हा त्या चिकित्सेचाच भाग मानावा.

औषधालयाच्या फळीवरून

औषधालयचालकांनी हा विषय परका मानू नये. चिठ्ठीवरील चारांपैकी दोनच औषधे कोणी घेतली, पंधरा दिवसांचे चूर्ण महिनाभर कोण पुरवतो, हे वैद्याआधी औषधालयास कळते. ही माहिती रुग्णाचा मान राखून वैद्यापर्यंत पोहोचली, तर स्वस्त पर्यायाचा विचार वेळेत होतो. त्यासाठी पदवीची गरज नाही. संभाषणकौशल्य व समुपदेशनाचा एखादा अल्पमुदतीचा वर्गही पुरेसा ठरावा.

इच्छुकांसाठी

एम.एस.डब्ल्यू. हा पूर्णवेळ अभ्यासक्रम असल्यास आंतरवासितेबरोबर तो झेपणारा नाही. दोन्हींकडे उपस्थितीची अट असते. दूरशिक्षणाचा मार्ग घेणाऱ्याने संस्थेची मान्यता व क्षेत्रकार्याची व्यवस्था आधी तपासावी. क्षेत्रकार्याविना हे शिक्षण पोथीतले पोहणे ठरेल. या पदवीने चिकित्सेचे अधिकार वाढत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. मानसरोगांत रस असणाऱ्यांनी 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अवश्य पाहावा. मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधरास त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान आहे. मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्तेही त्याच कायद्यान्वये नोंदणीकृत होतात. तेव्हा या दोन विद्याशाखांची गाठ तेथे पडणारच आहे.

सर्वच वैद्यांनी पुन्हा विद्यार्थी व्हावे, असा आमचा आग्रह नाही. परंतु एखादा तरुण व्यवसायबंधू समाजकार्याकडे वळू लागला, तर 'वैद्यकी सोडून हे कशाला?' असे विचारून त्यास परावृत्त करू नये. आढ्य नसलेल्या रुग्णापर्यंत शास्त्र कसे न्यावे, हे शिकण्यास तो गेला आहे. तो परतल्यावर आपल्या तालुका शाखेच्या एका सभेत त्यास बोलण्यास सांगावे व आपण ऐकावे, एवढीच विनंती.