सात बिऱ्हाडं, एक गॅलरी

साठीला टेकल्यावर मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सर्जनशील लेखनाच्या एम. ए.ला नाव घातलं, तेव्हा लेक हसला. ‘आई, लिहायला कुणी शिकवतं का?’

प्रश्न जुनाच. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखन-कार्यशाळा सुरू झाली. तिथेच फ्लॅनरी ओ’कॉनरने १९४७ साली प्रबंध म्हणून चक्क सहा कथांचा संग्रह सादर केला आणि पदवी घेतली. पुढे ती कथाकार म्हणून नावाजली गेली.

मलाही शेवटी कथासंग्रहच द्यायचा होता. अट एकच, सगळ्या कथांना एक सूत्र हवं. मी लालबागच्या आमच्या चाळीची गॅलरी निवडली. सात बिऱ्हाडं, सात कथा. सहा झरझर उतरल्या. सातवी मात्र आमच्याच खोलीची. १९८२च्या गिरणी संपात वडिलांचा पगार थांबला आणि आईने मंगळसूत्र गहाण टाकलं. गळ्यात खोटे मणी घालून ती गॅलरीत पूर्वीसारखीच हसत उभी राहायची. घरातली ही झाकली मूठ परक्या भाषेत उघडायची?

‘हिच्यावाचून संग्रह अपुरा आहे,’ मार्गदर्शक बाई म्हणाल्या. धीर करून आईला फोन लावला. चौऱ्याऐंशी वर्षांची आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘लिही गं. पण चार वर्षं व्याज भरून सोडवून आणलं, तेही लिही.’

हे मला ठाऊकच नव्हतं! कथेचा शेवट बदलला. पदवी माझ्या नावावर असली, तरी शेवटचा धडा आईने शिकवला.