लक्षद्वीप कोणत्या आकड्याने मोजायचे?

३२ चौरस किलोमीटर. लक्षद्वीपची सगळी जमीन एवढीच. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्यात हा अख्खा केंद्रशासित प्रदेश तीनदा मावेल. या जमिनीमुळे भारताला मिळालेले अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्या समुद्रातल्या मासळीवर आणि खनिजांवर फक्त आपला हक्क आहे ते, मात्र सुमारे ४ लाख चौरस किलोमीटरचे आहे. महाराष्ट्राच्या ३.०८ लाखांहून मोठे आणि लक्षद्वीपच्या जमिनीच्या साडेबारा हजार पट.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की लक्षद्वीपची ओळख झाली असे वाटते. पण बेटांचा संसार ज्यावर चालतो, तो आकडा या दोहोंच्या मधला आहे. सरकारी नोंदींनुसार तिथल्या लगूनांचे, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ, शांत पाण्याचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भरते.

केरळच्या किनाऱ्यापासून २०० ते ४४० किलोमीटरवर पसरलेल्या या बेटांपैकी वस्ती फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे २,००० माणसे; महाराष्ट्रात तेव्हा हे प्रमाण ३६५ होते.

ही कंकणद्वीपे आहेत. समुद्रातला जुना डोंगर खचत गेला, त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहिले आणि भिंतीचे कडे तयार झाले. लाटांनी फोडलेल्या प्रवाळांची वाळू या कड्यावर साचून बेट झाले. त्यामुळे जमीन मोठी म्हणजे लगूनही मोठे, असे नसते. अंद्रोत हे सर्वांत मोठे बेट सुमारे ४.९ चौरस किलोमीटरचे, पण त्याला नाव घेण्याजोगे लगूनच नाही. उलट बित्रा हे वस्तीचे सर्वांत लहान बेट जेमतेम ०.१ चौरस किलोमीटरचे, म्हणजे २५-२६ एकरांचे. २०११ मध्ये तिथे २७१ माणसे राहत होती. त्याचे लगून मात्र सुमारे ४५ चौरस किलोमीटरचे.

या उथळ पाण्यावर खोल समुद्रातली कमाई अवलंबून असते. लक्षद्वीपची मुख्य मासळी ट्यूना, आपल्याकडचा कुपा. तो तिथे प्रामुख्याने काठी आणि गळाने, एकेक करून पकडतात. त्यासाठी आधी लगूनमधून बारीक मासे जिवंत धरून होडीत पाण्यातच ठेवावे लागतात. कुप्याचा थवा दिसला की हे मासे फेकायचे, वर पाण्याचे फवारे मारायचे. थवा पृष्ठभागाशी आला की गळ टाकायचे. ही बारीक मासळी आटली, तर बाहेरचा ४ लाखांचा समुद्र असून उपयोग नाही.

पिण्याच्या पाण्याचेही गणित असेच नाजूक. बेटांवर नद्या नाहीत. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याचा १ फूट थर असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असू शकते. याच हिशेबाने वरची पातळी एक फूट उतरली, तर खालून खारे पाणी ४० फूट चढू शकते. म्हणून २००५ मध्ये कवरत्ती बेटावर खोल समुद्रातल्या थंड पाण्याच्या मदतीने खारे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारला गेला. क्षमता दिवसाला १ लाख लिटर. कवरत्तीच्या २०११ मधल्या ११,२२१ लोकांत वाटले, तर माणशी सुमारे ९ लिटर. पिण्या-रांधण्यापलीकडे त्यात फारसे भागत नाही.

आता प्रवाळभिंतीची प्रकृती. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथील दीर्घ पाहणीत १९९८ ला सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्या खाली आले. भिंत झिजली की लाटा थेट किनाऱ्यावर येतात. बंगाराम कंकणद्वीपातले परळी-१ हे निर्जन बेट समुद्राने पूर्ण गिळल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासातून पुढे आले.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर देशभरातल्या पर्यटकांचे लक्ष लक्षद्वीपकडे वळले. तेव्हापासून चर्चा होते ती खोल्यांची, धावपट्टीची आणि जहाजांची. या सोयी बेटाला रोजगार देतील, यात शंका नाही. पण प्रत्येक नव्या खोलीमागे विहिरीतून उपसा होणार, सांडपाणी त्याच वाळूत मुरणार आणि तिथून लगूनमध्ये झिरपणार. तेव्हा पर्यटक किती यावेत हे किनाऱ्याच्या लांबीवरून ठरवून चालणार नाही. विहिरीतल्या गोड्या पाण्याची पातळी आणि भिंतीवरचे जिवंत प्रवाळ, हे दोन आकडे दरवर्षी मोजावेत आणि परवाने त्यांच्याशी जोडावेत.