जाहिरातीतील संशयित वाहन

जाहिरातीस आपले म्हणणे फार थोड्या वेळात सांगावयाचे असते. म्हणून लोकांच्या मनात पूर्वीच घर करून बसलेली चित्रे ती उचलते. काळ्या काचांची मोटार किंवा मुलांच्या घोळक्याजवळ मंदावणारी मोटारसायकल दिसली की धोका निराळा सांगावा लागत नाही. तो पाहणाराच मनात पुरा करतो. माल खपविणारा आणि हिताचा उपदेश करणारा, दोघेही या युक्तीचा आश्रय घेतात.

या युक्तीचा परिणाम कोठवर जातो, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. कराची येथे हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेसाठी २०१६ साली एक लहानशी चित्रफीत तयार झाली. गल्लीत मुले खेळत असतात. मोटारसायकलवरून दोघे येतात व एका मुलास उचलून पसार होतात. लगेच परत येऊन ते मुलास सोडतात आणि मूल पळविण्यास किती थोडा वेळ लागतो, असा फलक दाखवितात. हेतू चांगला होता. साधन मात्र भीतीचे होते. पुढे कोणीतरी फलकाचा भाग कापला. उरलेला तुकडा खरी घटना म्हणून भारतात व्हॉट्सॲपवरून फिरला.

अशा अफवांनी वातावरण तापलेले असता, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या पाच भटक्या गोसाव्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. त्यानंतर १३ जुलै रोजी बिदर जिल्ह्यात मोटारीतून आलेल्या काही तरुणांनी शाळकरी मुलांना चॉकलेटे वाटली. संशयाचा निरोप मोटारीच्या पुढे धावला. मुरकी गावी रस्ता अडविण्यात आला व मारहाणीत एकाचा प्राण गेला. गोड खाऊ देणारा परका आणि त्याची मोटार, एवढ्यावर जमावाने निवाडा केला.

म्हणून वरच्या वर्गांत वृत्तपत्रातील एखादी जाहिरात घेऊन पुढील प्रश्न मुलांना विचारावेत: ही कोणी काढली? हिच्यात आपणांस कशाचे भय दाखविले आहे? भय वाटल्यावर आपण काय करावे, अशी तिची अपेक्षा आहे? आणि हिचा आरंभ किंवा शेवट गाळलेला तर नाही ना?

याचा अर्थ मुलांनी बेसावध राहावे असा नव्हे. अनोळखी वाहनात बसू नये, शंका आल्यास वाहनाचा क्रमांक ध्यानात ठेवून घरी व शाळेत सांगावे, हे शिकविलेच पाहिजे. मोठ्यांनी ११२ किंवा मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर कळवावे. चौकशी पोलिसांनी करावयाची असते. गावात शिक्षकाच्या शब्दाला अद्याप मान आहे. अफवा उठेल त्या दिवशी तो शब्द वेळेवर उच्चारला जावा.